ओळख नसलेलं बंदर

घर बघायला निघालेली माणसं विचारतात, विहिरीचं पाणी गोडं आहे का, उधाणाला भरती कुठवर येते, बाजार किती लांब. आम्ही आधी एवढंच बघायचो, की या गावात आपल्याला कोणी ओळखत नाही ना. विहीर खारी असती तरी चाललं असतं. पैशाची सोय झालेली होती, तो प्रश्न नव्हता. प्रश्न माझ्या नवऱ्याचा होता. तो मेलेला होता.

म्हणजे मेला नव्हता, चांगला दोन पायांवर माझ्यापुढे चालत होता. पण आमच्या वाडीनं त्याचं सगळं यथासांग करून टाकलं होतं, आणि एकदा केलेलं ते काही परत घेता येत नाही.

आमचे हे मचव्यावर खलाशी होते. त्र्याऐंशी साली मंगळुराहून कौलं भरून येताना मचवा बुडाला. दोघांची प्रेतं किनाऱ्याला लागली, बाकीच्यांचं काहीच कळलं नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, शिमग्याची पालखी दारात येऊन गेली, तरी बातमी नाही. इकडे माझ्या धाकट्या दिराचं, रावजीचं, लग्न ठरलेलं. मुलीकडची म्हणाली, आधी थोरल्याचं काय ते मार्गी लावा. भटजींनी सांगितलं, हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते. रावजी म्हणाला, "बारा वर्सां ती पोर माझ्यासाटी बसणार हाय काय?" मग भटजींनी पळवाट काढली, ती सगळ्यांच्या सोयीची होती.

दर्भाचा माणूस केला. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. अंगात घालायला मीच ह्यांचा चौकडीचा शर्ट काढून दिला, मुंबईहून आणलेला, चांगला होता. रावजीनं अग्नी दिला. दहाव्याला पिंड ठेवला तर हात मागे घ्यायच्या आत कावळा शिवला. सगळे म्हणाले, बघा, कशातच जीव अडकला नव्हता. मला त्याचाच राग आला. मी मागे राहिले होते की.

कपाळ पुसलं, बांगड्या फोडल्या. रावजीचं लग्न झालं. मी मागच्या पडवीत बसून त्या लग्नाचे तांदूळ निवडले.

आणि एक दिवस भर दुपारी, मी खळ्यात सुपं घेऊन बसलेली असताना, बेड्याशी, कुंपणाच्या फाटकात, एक माणूस येऊन उभा राहिला. वाळलेला, दाढी वाढलेली, एका पायानं लंगडणारा. मी तोंडाकडे नंतर बघितलं, आधी पायांकडे बघितलं. सरळ होते. तरीही उठले, घरात गेले आणि आतून कडी घातली. कोणीही घातली असती. ज्याला शंका असेल त्यानं आपला नवरा एकदा जाळून बघावा आणि मग बोलावं.

बाहेरून आवाज आला, "मालन, माझा चौकडीचा शर्ट दे गो. अंगावरचा फाटलाय."

कडी मी काढली नाही. रावजी आला, वाडी जमली, तेव्हा कुणीतरी मागच्या दारानं मला बाहेर आणलं.

ह्यांना एका परदेशी जहाजानं पाण्यातून उचललं होतं. आखातातल्या कुठल्याशा बंदरात उतरवलं. पाय मोडलेला, कागदपत्र नाही, भाषा येत नाही. इस्पितळातून चौकीत, चौकीतून परत इस्पितळात. कुणाच्या तरी हाती चिठ्ठी पाठवली होती म्हणे, ती पोचलीच नाही. हे सगळं खरं होतं, पुढे पोलिसांनीही ते तपासलं. पण पोलिसांच्या तपासानं वाडीचं समाधान होत नाही. वाडीचा प्रश्न एकच होता. हा जर जिवंत होता, तर कावळा शिवला तो कुणाला?

गुरवानं देवाला विचारलं. देवानं सांगितलं, याला नव्यानं जन्माला घाला. मग एवढ्या चाळिशीच्या बाप्याला घंगाळात बसवून आंघोळ घातली, बायकांनी पाळणा म्हटला, आणि बारसं करून नाव ठेवलं महिपत. आधीचं सखाराम. पाळणा म्हणताना बायका आधी हसत होत्या, मग मधेच एकदम गप्प झाल्या. त्याच आठवड्यात माझं त्यांच्याशी परत लग्न लावलं. एकाच माणसाच्या गळ्यात दोनदा माळ घातलेली बाई आमच्या भागात मीच असेन. दुसऱ्या खेपेला कुणी जेवायला थांबलं नाही.

एवढं करूनही काही सुधारलं नाही. ह्यांना कुठली होडी घेईना. समुद्राला एकदा वाढलेलं पान आपण परत उचललंय, तो ते मागायला येईल आणि आपल्यालाही घेऊन जाईल, असं खलाशी उघड बोलायचे. मला हळदीकुंकवाला बोलावणं नाही. सवाष्ण म्हणावं तर मधे वर्षभर विधवा होते, विधवा म्हणावं तर कपाळावर कुंकू. जाऊबाई ह्यांचा कप वेगळा धुवायची. शेवटी रावजीच म्हणाला, आणि तो वाईट मनानं म्हणाला नाही, "दादा, तू लांब कुठंतरी घर घे. तुला कोण वळखत नसंल असं बंदर बघ."

मी म्हटलं, माझ्या माहेराकडे चला. देवरुखाच्या वरती, डोंगरात, जिथून समुद्र दिसतसुद्धा नाही. हे म्हणाले, "तिथं जाऊन काय करू? नांगर धरलाय का कधी मी? माझी एक होडी, आन् ती वर घ्यायला दाराशी उतार. तेवढं बस."

म्हणजे परत पाणीच. ज्यानं ह्यांना एकदा नेलं त्याच्या काठावर, दाराशी भरती येणाऱ्या घरात, आम्ही दोघंच. मला समुद्राची भीती वाटत होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला ह्यांची भीती वाटत होती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

हे जेवताना मीठ घ्यायचे नाहीत. पूर्वी ताटात मीठ नसेल तर घर डोक्यावर घ्यायचे. झोपले की डोळे अर्धे उघडे. मी ताट वाढलं की जमिनीवरून पुढे सरकवायची, हातात हात लागणार नाही असं. ह्यांचे हात गार असणार, अशी माझी खात्रीच झाली होती, आणि ती पडताळून बघायची माझी छाती नव्हती. सगळ्यात वाईट म्हणजे मी घातलेल्या कडीबद्दल हे चकार शब्द बोलले नव्हते. रागावले असते तर बरं. रोज वाटायचं, आज काढतील विषय. काढायचे नाहीत. नवरा असता तर काढलाच असता, असं माझं मन म्हणायचं.

अशा माणसाबरोबर मी घरं बघत हिंडत होते.

पहिलं बघितलं आरे-वारेच्या बाजूला. सुरूच्या बनाला लागून, ओसरीवरून सगळा किनारा दिसेल असं. वाळूवरून चालत जाताना मी मुद्दाम मागे राहिले आणि ह्यांची पावलं उमटतात का ते बघत गेले. उमटत होती. उमटायची, आणि लगेच त्यांत पाणी भरून ती पुसली जायची. माझीही तशीच पुसली जात होती, पण स्वतःच्या पावलांकडे कोण बघतो?

घरमालकाची बायको चांगली होती. पाणी, गूळ, घरातली सगळी माहिती. तेवढ्यात एक मासेवाली डोक्यावर पाटी घेऊन आली. ह्यांच्याकडे बघितलं, पाटी न उतरवताच थांबली, बाजूला थुंकली आणि आल्या वाटेनं तरातरा परत गेली. आमच्याच बाजूची असणार. संध्याकाळच्या गाडीची वाट बघत होतो तिथं घरमालक आला. म्हणाला, भावाचा विचार बदललाय, घर विकायचं नाही. ह्यांनी मान हलवली. मी मात्र म्हटलं, "भाऊ मुंबईला आहे म्हणालात ना? एवढ्यात कळवलंत होय?" त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की पुढचं मी गिळलं.

मग पूर्णगड. तिथं खाडीच्या तोंडावर घर होतं, होडीला उतार होता, सगळं ह्यांच्या मनासारखं. आम्ही परसातली माडांची झाडं बघत होतो, तोच एक बाई धावत आली. केस सुटलेले, पायात काही नाही. ती ह्यांच्याच मचव्यावरच्या एका खलाशाची बायको निघाली. माहेरी येऊन राहिली होती. कुणीतरी सांगितलं तिला. ती थुंकली नाही, घाबरली नाही. सरळ ह्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "तुमी आलाव. मग आमचे कुठं?"

ती परत म्हणाली, "तुमी बरोबरच हुता ना? सांगा ना. कुठं सोडलाव त्यांना?"

तिला तिच्या भावांनी ओढून नेलं. हे त्या दिवशी जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तिला काय सांगायला हवं हुतं मी?" मी म्हटलं, काही नाही. असल्या गोष्टींना उत्तर नसतं. माझा आवाज रागीट होता, कारण मी घाबरले होते. आपण कुठेही गेलो तरी अशी एक बाई येणारच, असं मला दिसू लागलं होतं.

म्हणून मग एकदम लांबचं बघितलं, राजापूरच्या खाडीच्या तोंडाशी. राजापूरपर्यंत एसटी, तिथून दुसरी एसटी, मग तरीच्या होडीतून खाडीपलीकडे. त्या गावात आमच्या वाडीतली मुलगी दिलेली नव्हती की तिथली सून केलेली नव्हती, हे मी जाऊबाईकडून खोदून खोदून काढून घेतलं होतं.

घर गंगुबाईचं. म्हातारी एकटीच होती. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे रस्त्याकडे एक दार आणि मागे पाण्याकडे एक. मागच्या दारापुढे चार दगडी पायऱ्या, भरती असली की त्यातल्या दोन पाण्यात. लेक राजापुरात दिलेली, ती आईला घेऊन जाणार होती. मुलगा, बाबू, तीन पावसाळ्यांमागे मासे मारायला गेला तो आलाच नाही. हे तिनं आम्हाला घर दाखवता दाखवता सांगितलं, चूल इथं, पाटा इथं, तशा आवाजात.

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. तिनं विचारलं, "तुमी आदी काय करत हुता?" ह्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "मुंबईला होते, गोदीत." हे माझ्याकडे बघत राहिले. मी डोळ्यांनीच बजावलं, गप्प राहा. राहिले.

घर पसंत पडलं. शब्द द्यायला नारळ घेऊन पुढच्या आठवड्यात यायचं ठरलं. तो आठवडा मी काढला तो माझा मला माहीत. दार वाजलं की वाटायचं, गंगुबाईचा निरोप आला, घर नाही म्हणून. पण निरोप आला नाही, आणि आम्ही नारळ घेऊन तरीतून उतरलो.

ऊन डोक्यावर आलं होतं. गंगुबाईच्या मागच्या पडवीत पाट मांडला होता. त्यावर दर्भाचा माणूस निजवला होता. डोक्याच्या जागी नारळ. बाजूला घडी घातलेला निळा सदरा.

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. हे उंबऱ्यातच थांबले.

"या, या," गंगुबाई म्हणाली. "घर सोडायच्या आदी बाबूचं उरकून टाकतंय. इथं कोण नसताना त्याचा जीव घुटमळत ऱ्हायला नको. भटजी येतायत घटकाभरात. आग्नी द्यायला पुतण्या येणार हुता मुंबईसून, त्याची तार आली, सुटी नाय. मी म्हटलं, देवच पाठवतोय तुमाला. घर घेताय म्हंजे घरचेच की तुमी. तुमी द्या आग्नी."

मी म्हटलं, "देतील की." इतक्या पटकन म्हटलं, की माझं मलाच ऐकू आलं. काय जाणार होतं? काडी लावायची, डोकं टेकवायचं, आणि घर आपलं. उभ्या जन्मात मग कुणासमोर थरथरायला नको.

हे पडवी ओलांडून मागच्या पायरीवर जाऊन बसले. भरतीचं पाणी ह्यांच्या पायाशी आलं होतं. म्हणाले, "मी नाय देणार."

"अवो," मी म्हटलं.

"मालन, थांब." आणि गंगुबाईकडे वळून त्यांनी सांगायला सुरुवात केली. गोदीत नव्हतो. मचव्यावर होतो. बुडालो. माझाही असाच माणूस केला होता दर्भाचा. भावानं जाळला. कावळाही शिवला. आणि मी हा इथं बसलोय. माझं नाव सखाराम. एकही गोष्ट त्यांनी ठेवली नाही. मी ऐकत उभी होते. गेलं घर, गेलं हेही गाव. वाटलं, आता ही किंचाळेल, शेजारीपाजारी जमतील, तरीवाला आम्हाला पलीकडे न्यायलासुद्धा तयार होणार नाही. त्याहून वाईट म्हणजे कसंबसं मन आवरून बसलेली ही म्हातारी आता भटजींना परत पाठवेल, आणि मरेपर्यंत याच पायरीवर बसून राहील. ह्यांच्या खरेपणाचा मला इतका संताप आला, की डोळ्यांत पाणी आलं.

गंगुबाई किंचाळली नाही. ती आली आणि ह्यांच्या शेजारी पायरीवर बसली. मग तिनं विचारलं, "तुला जाळलानी तवा तुला काय झालं रे? आंग भाजलं? ताप आला?"

"नाय. मला ठावंच नव्हतं."

"काय करत हुतास त्या दिवशी?"

"काय म्हायत. इस्पितळात हुतो. भात दिलानी असंल, खाल्ला असंल."

"भात खाल्लास," ती म्हणाली. परत एकदा म्हणाली, "भात खाल्लास." आणि पदरानं तोंड पुसून हळूहळू उठली. "मग झालं तर. माझा बाबू नसंल तर त्याला हे पोचंल. आन् असंल कुठं, तर त्याला काय भाजायचं नाय. तो भात खाईल." तिनं तो निळा सदरा उचलला, झटकला, आणि दर्भाच्या माणसावर नीट पांघरला. "तूच दे आग्नी. जळून ज्याला काय झालं नाय, त्याच्याच हातानं होऊंदे."

हे पायरीवरून उठले.

मग ती माझ्याकडे वळली. मी अजून पिशवीतून घरंगळलेल्या नारळाशेजारी उभी होते. "हा असा मेलेला परत आला," तिनं विचारलं, "तवा तू दार उघडलंस ना गो?"

माझ्या जिभेला वाडीत सगळे वचकून असतात. सासूला कधी उत्तर द्यायची राहिले नाही, की भटजींना. त्या वेळी मी खाली वाकून नारळ उचलू लागले. ह्यांच्याकडे बघायची हिंमत होईना. आला तो विषय, मला वाटलं. इतके दिवस थांबला होता, तो नेमका इथं आला. आणि जो माणूस घरासाठी खोटं बोलायला तयार झाला नाही, तो माझ्यासाठी का बोलेल?

"उघडलान," हे म्हणाले. "लगीच उघडलान. शर्ट पन दिलान."

गंगुबाईनं मान डोलावली. तिला एवढंच हवं होतं. "मग माझा आला तर त्याला पन उघड. मी राजापुरात असेन, तो तिथं नाय येणार, तो इथंच येईल, पाण्याकडच्या दारानं. उंच ढांगडा हाय, वाकून उभा ऱ्हातो. बोलत नाय फारसा. घाबरू नको त्याला."

"नाही घाबरणार," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

भटजी आले. मंत्र झाले. बाजूला कोरड्या वाळूवर सरण रचलेलं होतं. काडी ओढताना ह्यांचा हात इतका कापायला लागला, की दोन काड्या विझल्या. भटजी माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे झाले आणि ह्यांचं मनगट धरलं. हे परत आल्यापासून पहिल्यांदा. गरम होतं. चांगलं घामेजलेलं, गरम, नवऱ्याचं मनगट. ते मी तिसरी काडी लागेपर्यंत सोडलं नाही, आणि लागल्यावरही सोडलं नाही. भटजींनी दुसरीकडे तोंड फिरवलं.

आम्ही त्या घरात राहायला आलो. गावाला सगळं कळलं, गंगुबाईनंच जाण्याआधी घरोघरी जाऊन सांगितलं. काही जण अजून आमच्या दारावरून जाताना पावलं भराभर उचलतात, काही येऊन चहा पितात. हे होडी घेऊन जातात. मीठ मागायला लागलेत, आता तर जास्तच लागतं.

भीती गेली म्हणाल तर गेली नाही. पाणी रोज दोन पायऱ्या चढून येतं, आणि कधीकधी, हे पडवीत जाळं विणत बसलेले असताना, मागच्या दारावर काहीतरी आपटतं. लाकूड असतं, नाहीतर वाहून आलेला माडाचा झाप. हे उठायला लागतात, त्यांना मी हातानं खाली बसवते. शब्द मी दिलेला आहे. कडीला हात घालते तेव्हा मला वाकून उभा असलेला तो माणूस स्पष्ट दिसतो, निळ्या सदऱ्यातला, पाणी निथळत असलेला, आणि मी दार उघडते.